थडगी हरवली, नावं राहिली

इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात, शेफील्ड शहराच्या नैऋत्येला, ईम नावाचं डोंगराळ गाव आहे. गावाच्या मधोमध सेंट लॉरेन्स चर्च आणि चर्चभोवती जुनी दफनभूमी. तिथे आठव्या शतकातला एक सॅक्सन क्रूस उभा आहे. त्याच्या खांबाचा वरचा भाग केव्हाच हरवला आहे, पण उरलेल्या दगडावरचं कोरीवकाम अजून नीट ओळखू येतं. चर्चच्या भिंतीवर १७७५ सालचं मोठं सूर्यघड्याळ आहे. क्रिकेटवेडा माणूस मात्र आणखी एका दगडापाशी थबकतो. डर्बीशरकडून खेळलेला आणि पुढे पंच झालेला हॅरी बॅगशॉ १९२७ मध्ये वारला. त्याच्या थडग्यावर उडालेल्या यष्ट्या आणि पंचाचं वर गेलेलं बोट कोरलं आहे.

पण ईमला लोक येतात ते क्रूस, घड्याळ किंवा क्रिकेटपटूसाठी नव्हे. ते येतात १६६५-६६ च्या प्लेगची जागा पाहायला. चौदा महिन्यांत या छोट्या गावातली २५७ माणसं प्लेगने गेली. दफनभूमीत शिरलेला पाहुणा त्यांची थडगी शोधू लागतो आणि बुचकळ्यात पडतो, कारण त्यातल्या बहुतेकांना इथे पुरलेलंच नाही. साथ ऐन भरात असताना चर्चच्या आवारातली दफनं बंद झाली होती. ज्यानं त्यानं आपलं माणूस आपल्या शेतात, परसात, बागेत पुरलं. त्या जागांवर पुढे नांगर फिरला, घरं उठली, झाडं वाढली.

तरीही या माणसांची नावं, त्यांच्या दफनाचे दिवस, कोण कोणाचा मुलगा आणि कोण कोणाची बायको, हे सगळं आज आपल्याला माहीत आहे. ते दगडांनी सांगितलेलं नाही. ते चर्चच्या दफन नोंदवहीत आहे. अशी वही का सुरू झाली, ती कशी वाचायची असते आणि साडेतीनशे वर्षांनी तिच्यातून काय हाती लागलं, हे समजून घेण्यासाठी ईमइतकं चांगलं उदाहरण क्वचितच सापडेल.

राजाच्या हुकमाची वही

इंग्लंडमध्ये या वह्यांची सुरुवात १५३८ साली झाली. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने त्या वर्षी सप्टेंबरमध्ये हुकूम काढला: प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, एक वही ठेवावी आणि तीत प्रत्येक बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहावं. वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची. एक किल्ली धर्मगुरूकडे, दुसरी चर्चच्या पंचांकडे. रविवारी पंचांच्या समक्ष आठवड्याभराच्या नोंदी करायच्या. हयगय झाली तर तीन शिलिंग चार पेन्स दंड, आणि तो चर्चच्या डागडुजीसाठी वापरायचा. लोकांना यात नव्या कराची चाहूल लागली आणि कुरकुर झाली, पण प्रथा रुजली.

आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या सापडतात, तशीच ही वही म्हणता येईल. फरक इतकाच की तीर्थाच्या वहीत यजमान तिथवर पोचला तरच त्याचं नाव चढतं. इथे गावातला भणंगही मेला तरी त्याची ओळ लिहिणं बंधनकारक होतं.

सुरुवातीच्या वह्या बहुधा कागदी होत्या. ओल आणि उंदीर यांनी त्या खाल्ल्या. म्हणून सोळाव्या शतकाच्या अखेरीस नियम झाला की नोंदी चर्मपत्रावर उतरवून काढाव्यात, आणि दरवर्षी एक नक्कल बिशपकडे पाठवावी. जुन्या नोंदी निदान पहिल्या एलिझाबेथच्या राज्यारोहणापासून, म्हणजे १५५८ पासून, उतरवा अशी सवलत दिली गेली. साहजिकच अनेक धर्मगुरूंनी त्याआधीची वीस वर्षं सोडून दिली. कितीतरी गावांच्या वह्या नेमक्या १५५८ पासून सुरू होतात, त्याचं कारण हेच. बिशपकडच्या नकला मात्र पुढे फार उपयोगी पडल्या. गावातली वही जळाली किंवा हरवली, तरी दुसरी प्रत दूर कुठेतरी शाबूत असे.

कॅथलिक जगातही याच सुमाराला अशी शिस्त आली. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये बाप्तिस्मा आणि लग्नांच्या वह्या सक्तीच्या केल्या. मृतांच्या वहीचा नियम रोमने १६१४ मध्ये घातला. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात आणि वसईत चर्चच्या वह्यांची जी परंपरा रुजली, ती याच नियमांची.

वही वाचायची कशी

दफन नोंदवही हातात घेणाऱ्याने काही गोष्टी आधी ध्यानात ठेवाव्या लागतात.

पहिली गोष्ट, वहीत मृत्यूची नव्हे, दफनाची तारीख असते. धर्मगुरूचा संबंध विधीशी होता. माणूस कधी मेला हे त्यानं लिहिलंच पाहिजे असं नव्हतं. एरवी एक-दोन दिवसांचा हा फरक किरकोळ वाटतो. साथीचा अभ्यास करताना मात्र तो महत्त्वाचा ठरतो.

दुसरी गोष्ट वर्षाची. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये नवं वर्ष १ जानेवारीला नव्हे, २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे डिसेंबर १६६५ नंतर वहीत जानेवारी १६६५ येतो, फेब्रुवारी १६६५ येतो, आणि मार्च संपता संपता १६६६ उजाडतं. हे ठाऊक नसलेल्या वाचकाला ईमचा प्लेग सुरू होण्याआधीच लोक मरू लागले असं वाटेल. म्हणून इतिहासकार अशा तारखा १६६५-६६ असं जोडसाल देऊन लिहितात.

तिसरी गोष्ट, वहीत कोण नाही. बाप्तिस्मा होण्याआधीच गेलेली तान्ही मुलं अनेकदा वहीत येत नाहीत. क्वेकरांसारख्या पंथांचे लोक आपली दफनं वेगळी करत. आत्महत्या केलेल्याला विधीपूर्वक दफन नाकारलं जाई. वही गावाची असली तरी ती राजमान्य चर्चची होती, आणि त्या चर्चच्या उंबऱ्याबाहेरचा माणूस तिच्याही बाहेर राहायचा.

चौथी गोष्ट, नोंदी फार त्रोटक असतात. सतराव्या शतकातल्या ओळीत साधारण नाव, तारीख आणि फार तर बापाचं किंवा नवऱ्याचं नाव. वय नाही, धंदा नाही, मृत्यूचं कारण नाही. छापील रकाने आले ते १८१३ पासून: नाव, राहण्याचं ठिकाण, दफनाची तारीख, वय आणि विधी करणाऱ्याची सही, एका पानावर आठ नोंदी. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी तर १८३७ च्या जुलैत सुरू झाली. मधल्या काळात कधी कधी चमत्कारिक शेरे भेटतात. लोकरीच्या धंद्याला आधार म्हणून इंग्लंडच्या संसदेने १६६० आणि १६७० च्या दशकांत कायदे केले की मढं लोकरी कापडातच गुंडाळलं पाहिजे. त्यासाठी प्रतिज्ञापत्र द्यावं लागे, नाही तर पाच पौंड दंड. त्या काळच्या वह्यांत नावापुढे लोकरीचा शेरा दिसतो. पैसेवाले दंड भरत आणि आपल्या माणसाला तागाच्या तलम कापडात पुरत.

शेवटची गोष्ट, वही आणि दगड यांची गाठ क्वचितच पडते. आवारात दगडी थडगी उभारण्याची रीत सर्वसाधारण लोकांत पसरली ती मुख्यतः सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, आणि तीही ज्याला परवडेल त्याच्यापुरती. गरिबाच्या डोक्याशी फार तर लाकडी फळी. तीच जागा पुन्हा पुन्हा उकरून वापरली जाई. शेकडो वर्षं दफनं झालेल्या कित्येक आवारांतली जमीन आज चर्चच्या जोत्यापेक्षा उंच दिसते ती यामुळेच. दगडावरची अक्षरं पाऊस आणि हिमाने झिजतात. म्हणजे ज्या आवारात आज दोनशे दगड मोजता येतात, तिथे खाली हजारो माणसं असू शकतात, आणि त्यांचा पत्ता फक्त वहीत असतो.

ईमचे चौदा महिने

ईमच्या वहीतल्या हाती असलेल्या नोंदी १६३० पासून सुरू होतात. आज आपण वाचतो ती मूळ वही नसून अठराव्या शतकाच्या आरंभी काढलेली तिची नक्कल आहे, हेही लक्षात ठेवायला हवं. नक्कल करताना एखादं नाव चुकू शकतं, ओळ गळू शकते.

७ सप्टेंबर १६६५ रोजी जॉर्ज विकर्स या शिंप्याचं दफन झालं. तो गावातल्या कूपर कुटुंबाच्या घरी उतरला होता. परंपरा सांगते की लंडनहून आलेल्या कापडाच्या पेटीतून प्लेगाच्या पिसवा आल्या. कापड दमट होतं म्हणून विकर्सने ते शेकोटीपाशी वाळत घातलं आणि काही दिवसांत तो गेला. लंडनमध्ये तेव्हा प्लेगाने थैमान घातलं होतंच. विकर्सनंतर जवळजवळ दोन आठवडे वही शांत आहे. मग २२ सप्टेंबरला त्याच घरातल्या एडवर्ड कूपर या लहान मुलाची नोंद येते. त्यानंतर शेजारची घरं लागतात. ऑक्टोबरमध्ये वीसहून जास्त दफनं झाली.

हिवाळ्यात साथ ओसरली. १६६६ च्या मे महिन्यात तर दफनं अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. गाव सुटलं असं वाटत असतानाच जूनमध्ये आकडे पुन्हा चढू लागले. तेव्हा गावाने ते निर्णय घेतले ज्यांमुळे ईम प्रसिद्ध झालं. पुढाकार दोन धर्मगुरूंचा. विल्यम मॉम्पेसन हा तरुण रेक्टर नुकताच नेमला गेला होता. थॉमस स्टॅन्ली हा आधीचा, प्युरिटन मताचा, नव्या राजवटीच्या धार्मिक अटी न मानल्यामुळे पदावरून दूर झालेला. गावातल्या कित्येकांचा जीव अजून स्टॅन्लीवरच होता. एरवी एकमेकांसमोर उभे राहिले नसते असे हे दोघे एकत्र आले आणि त्यांनी लोकांना तीन गोष्टी पटवल्या. चर्चमधल्या प्रार्थना बंद करून त्या ककलेट डेल्फ नावाच्या उघड्या दरीत, कुटुंबाकुटुंबांत अंतर राखून घ्यायच्या. चर्चच्या आवारात दफन करायचं नाही, प्रत्येक घराने आपलं माणूस जवळच आणि लवकर पुरायचं. आणि गावाची वेस कोणी ओलांडायची नाही.

अन्नाची सोय बाहेरून झाली. चॅट्सवर्थच्या डेव्हनशरच्या अर्लने मदत पाठवली. स्टोनी मिडल्टन गावाच्या वाटेवर भोकं पाडलेला एक दगड अजून आहे. त्या भोकांत सिरका भरून नाणी ठेवायची आणि शेजारच्या गावच्या लोकांनी ठेवलेलं सामान उचलायचं, अशी रीत होती.

जुलैत दफनांनी पन्नाशी ओलांडली, ऑगस्टमध्ये पंचाहत्तरी. गावाच्या पूर्वेला, रायली नावाच्या टेकडीवरच्या शेतात हॅनकॉक कुटुंब राहायचं. ३ ते १० ऑगस्ट या आठ दिवसांत एलिझाबेथ हॅनकॉकने आपला नवरा आणि सहा मुलं आपल्या हातांनी पुरली. मदतीला कोणी आलं नाही, येणं शक्यही नव्हतं. त्या सात कबरींचे दगड आज एका गोल कुंपणभिंतीच्या आत पाहायला मिळतात. २५ ऑगस्टला मॉम्पेसनची बायको कॅथरीन हिचं दफन झालं. ती मात्र चर्चच्या आवारात आहे, सॅक्सन क्रूसाच्या जवळ. रेक्टरच्या बायकोसाठी नियमाला अपवाद झाला. १ नोव्हेंबर १६६६ ची नोंद प्लेगची शेवटची मानली जाते.

मॉम्पेसनने नोव्हेंबरमध्ये लिहिलेल्या पत्रात ७६ कुटुंबांतली २५९ माणसं गेल्याचा आकडा दिला. आधुनिक अभ्यासकांनी वही तपासून काढलेला आकडा २५७. साथीच्या धामधुमीत, चर्चपासून दूर शेतांत दफनं होत असताना, दोन आकड्यांत इतकाच फरक यावा, यावरून मॉम्पेसन मेलेल्यांचा हिशेब किती नेटाने ठेवत होता ते कळतं. आवारात दफन थांबलं, नोंद थांबली नाही.

दंतकथेवर वहीची दुरुस्ती

ईमची गोष्ट पुढे कविता, नाटकं, कादंबऱ्यांतून फिरली. विल्यम वुडने १८४२ मध्ये गावाचा इतिहास लिहिला, त्यात वडिलांकडून मुलांकडे आलेल्या कितीतरी आठवणी गोळा केल्या. या सांगण्यात एक आकडा ठरून गेला: गाव साडेतीनशे लोकांचं, वाचले फक्त ८३. म्हणजे चारातले तीन गेले.

वहीने हा आकडा मोडला. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन या तिन्ही नोंदी एकत्र लावल्या, त्यांना त्या काळच्या घरोघरच्या चूलपट्टीच्या याद्या जोडल्या, की १६६५ मध्ये गावात कोण कोण राहत होतं हे बऱ्याच अंशी उभं करता येतं. प्लेगच्या आधी ज्याचा बाप्तिस्मा झाला आणि प्लेगनंतर ज्याचं लग्न किंवा दफन नोंदलं गेलं, तो वाचला हे उघड आहे. अशी जुळवणी केल्यावर पॅरिशची लोकसंख्या सुमारे ७०० निघते. म्हणजे गेले ते एक तृतीयांशाच्या आसपास. तरीही हा फटका भयंकरच होता. पण साडेचारशेच्या आसपास माणसं वाचली, आणि दंतकथेने त्यांना साफ विसरून टाकलं होतं.

इतिहासकारांनी त्यागाच्या गोष्टीकडेही जरा सावधपणे पाहिलं आहे. ऐपतीची काही कुटुंबं वेस बंद होण्याआधीच बाहेर पडली होती. मॉम्पेसननेही आपली मुलं आधीच दूर पाठवली होती. राहिले त्यांतल्या अनेकांना जायला जागाच नव्हती. वेस बंद केल्याने शेजारची गावं वाचली असतील, पण आतल्यांचा धोका त्याने वाढला असेल, असंही काही जण म्हणतात. एलिझाबेथ हॅनकॉकचं धैर्य यामुळे कमी होत नाही. उलट, गावाला कोणत्या पर्यायांतून निवड करावी लागली ते नीट कळतं.

उंदीर की माणूस

वहीचा सर्वांत अनपेक्षित उपयोग विज्ञानाला झाला. १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिनने प्लेगचा जिवाणू शोधला. दोनच वर्षांत प्लेग मुंबईत पोचला, आणि तो कसा पसरतो याचं कोडं सोडवण्याचा मोठा भाग आपल्याच भागात घडला. १८९८ मध्ये तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीत पॉल-लुई सिमोंने उंदरावरच्या पिसवांमार्फत प्लेग पसरतो हे प्रयोगाने दाखवलं. त्यावर फार कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, प्लेग आयोगाच्या शास्त्रज्ञांनी प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग ठेवून त्यांच्यावर किती पिसवा चढतात ते मोजलं, आणि सिमों बरोबर ठरला.

मग प्रश्न उरला तो जुन्या साथींचा. ईममध्ये प्लेग उंदरांमुळे पसरला की माणसाकडून माणसाकडे? त्याचं उत्तर कुठल्या सांगाड्यात नव्हतं, कारण सांगाडेच सापडत नाहीत. ते दफनांच्या तारखांत होतं. एका घरात पहिलं दफन आणि दुसरं दफन यांत किती दिवस गेले? रोग त्याच घरात आधी फिरला की शेजारी उडाला? हिवाळ्यात वेग किती उतरला? हे सगळं गणितात बसवून २०१६ मध्ये लिलिथ व्हिटल्स आणि झेवियर दिदेलो यांनी निष्कर्ष मांडला: सुमारे तीन चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाली असावी, आणि उंदरांमार्फत एक चतुर्थांश. एकाच घरात राहणाऱ्यांना धोका जास्त होता. गरिबांना तो जास्त होता, मुलांपेक्षा मोठ्यांना कमी. मॉम्पेसन आणि स्टॅन्लीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तरी गर्दी टाळणं आणि वेस बंद करणं हे त्यांचे उपाय या निष्कर्षाशी जुळतात.

अशाच नोंदी मोठ्या प्रमाणावर मोजून रिग्ली आणि स्कोफिल्ड या इतिहासकारांनी ४०४ पॅरिशांच्या वह्यांतून १५४१ ते १८७१ या काळातली इंग्लंडची लोकसंख्या उभी केली. १९८१ मध्ये ते काम पुस्तकरूपाने आलं. वह्यांमधल्या नोंदी मोजण्याचं कंटाळवाणं काम मुख्यतः गावोगावच्या हौशी अभ्यासकांनी केलं होतं.

ईमच्या धर्मगुरूंना आपण लोकसंख्याशास्त्राची किंवा साथरोगशास्त्राची सामग्री जमवतोय याची कल्पना नव्हती. ते फक्त नेमून दिलेलं काम चुकवत नव्हते. गोष्टींनी मॉम्पेसन, कॅथरीन आणि हॅनकॉकबाई लक्षात ठेवल्या. बाकीच्या अडीचशे जणांना लक्षात ठेवलं ते वहीनेच.

आपल्याकडे १९६९ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक मृत्यू २१ दिवसांच्या आत नोंदवायचा असतो. आपण तो दाखला बहुतेक वेळा बँकेच्या किंवा सातबाऱ्याच्या कामापुरता काढतो आणि वय, कारण, राहण्याचं ठिकाण हे रकाने अंदाजपंचे भरतो. तसं करू नये. घरातल्या माणसाची नोंद करताना तारीख खरी सांगावी, डॉक्टरकडून कारण लिहून घ्यावं, नाव पूर्ण लिहावं. आणि गावातलं चर्च, कबरस्तान, ग्रामपंचायत किंवा स्मशानभूमी यांच्याकडे जुन्या वह्या असतील, तर त्या वाळवीच्या तोंडी जाण्याआधी त्यांची छायाचित्रं काढून ठेवावीत आणि एक प्रत दुसरीकडे जपावी. इंग्लंडने चारशे वर्षांपूर्वी बिशपकडे नक्कल पाठवण्याचा नियम केला, तो याचसाठी.